कंपोनंट लायब्ररीची जुनी बिल्ड बदलायची आहे? आधी टारबॉल उघडा

मुंबईतल्या अनेक प्रॉडक्ट कंपन्यांत मला एकच चित्र दिसतं. बटण, इनपुट, डेट पिकर, टेबल, मोडल असलेलं एक खाजगी एनपीएम पॅकेज (टीम्समध्ये वाटून वापरायचा जावास्क्रिप्ट कोड) असतं. बीकेसीत बसणारी टीम त्यावर ग्राहकांचं ॲप चालवते, अंधेरीतली टीम ऑपरेशन्सचा डॅशबोर्ड आणि ऐरोलीतली टीम पार्टनर पोर्टल. पॅकेज उभं राहिलं तेव्हा फाइल्स एकत्र बांधणारा बंडलर वेबपॅक ४ नवा होता (तो फेब्रुवारी २०१८ मध्ये आला), सोबत नवं जावास्क्रिप्ट जुन्यात बदलणारं बेबल, सॅसचं सीएसएस करणारं नोड-सॅस आणि टेस्ट चालवणारं जेस्ट. ज्यांनी ते उभं केलं ते केव्हाच दुसरीकडे गेले. बिल्ड चालते आहे तोवर तिला कुणी हात लावत नाही.

मग टीममध्ये नवा माणूस येतो, नव्या लॅपटॉपवर नवं नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) टाकतो आणि बिल्ड 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स: अनसपोर्टेड' असं सांगून पडते. कारण साधं आहे. वेबपॅक ४ मॉड्यूलचे हॅश काढायला एमडी४ ही जुनी पद्धत वापरतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या नोड १७ ने ओपनएसएसएल ३ ही एन्क्रिप्शनची लायब्ररी घेतली आणि त्यात एमडी४ डिफॉल्टने मिळत नाही. 'ओपनएसएसएल लेगसी प्रोव्हायडर' हा फ्लॅग लावला की गाडी पुन्हा चालते, म्हणून तो फ्लॅग सीआयमध्ये (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत), डॉकरफाइलमध्ये, स्क्रिप्ट्समध्ये जाऊन बसतो. नाहीतर सगळे नोड १६ वर अडकून राहतात, ज्याचा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपला. नोड १८ चाही एप्रिल २०२५ मध्ये संपला. नोड-सॅसचंही तेच: त्याची प्रत्येक आवृत्ती ठरावीक नोडशी बांधलेली, जुळली नाही की सी++ कंपाइल करायला बसते आणि पायथन सापडत नाही म्हणून अडते.

बदल करायलाच हवा. पण ॲपची बिल्ड बदलणं आणि लायब्ररीची बिल्ड बदलणं यात मोठा फरक आहे. ॲपचं आउटपुट ब्राउझरकडे जातं. स्क्रीन नीट दिसली, टेस्ट हिरव्या झाल्या की काम झालं. लायब्ररीचं आउटपुट दुसऱ्या टीम्सच्या बंडलरकडे, टाइपस्क्रिप्टकडे, जेस्टकडे जातं, आणि त्यांच्या आवृत्त्या तुमच्या हातात नसतात. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एका नियमावर उभ्या आहेत: टूल बदला तेव्हा आउटपुट तसंच ठेवा, आणि आउटपुट बदलायचं असेल तर ते पुढच्या, वेगळ्या रिलीजमध्ये बदला. दोन्ही एकत्र केलं आणि ऐरोलीत काही फुटलं, तर दोष नेमका कशाचा हे शोधण्यातच आठवडा जातो.

## सध्या खरोखर काय बाहेर जातं ते पकडून ठेवा

रिपॉझिटरीतल्या कॉन्फिगवरून अंदाज बांधू नका. 'एनपीएम पॅक' या कमांडपुढे पॅकेजचं नाव आणि शेवटची रिलीज झालेली आवृत्ती लिहिली की रजिस्ट्रीतून तोच टारबॉल (पॅकेजच्या सगळ्या फाइल्सची एक दाबलेली फाइल) उतरतो, जो बाकीच्या टीम्स रोज इन्स्टॉल करतात. तो उघडा आणि फाइलन् फाइल बघा.

अनेक ठिकाणी त्यात दोन आउटपुट सापडतात: 'डिस्ट'मध्ये वेबपॅकचं एकसंध बंडल आणि 'लिब'मध्ये बेबलने फाइलवार काढलेला कोड. स्टोरीबुकच्या (कंपोनंट एकेक करून दाखवणाऱ्या टूलच्या) स्टोरी आणि टेस्टचे स्नॅपशॉटही कधी कधी आत गेलेले असतात. बंडलमध्ये 'रिॲक्ट डॉट प्रॉडक्शन' शोधून बघा. सापडलं तर कंपोनंट ज्यावर चालतात त्या रिॲक्टची अख्खी प्रत लायब्ररीसोबत जाते आहे.

आता या टारबॉलमधून तीन गोष्टी काढून रिपॉझिटरीत कमिट करा. पहिली, सगळ्या फाइल्सची यादी. दुसरी, मुख्य एंट्रीतून बाहेर पडणाऱ्या नावांची वर्णक्रमाने लावलेली यादी. छोट्या नोड स्क्रिप्टने ती सहज निघते. तिसरी, सगळं सीएसएस एकदा प्रेटियरमधून (कोडची मांडणी एकसारखी करणाऱ्या टूलमधून) काढून. पुढे प्रत्येक पीआरवर (कोडमधल्या बदलाच्या प्रस्तावावर) नव्या बिल्डमधून याच तीन गोष्टी काढायच्या आणि फरक बघायचा. या एका तपासणीने जेवढं रक्षण होतं तेवढं कुठल्याही युनिट टेस्टने होत नाही, कारण युनिट टेस्ट सोर्सवर चालतात आणि पॅकेज वापरणाऱ्या टीम्स सोर्स वापरत नाहीत.

## कोण कसं वापरतं ते विचारा, आणि स्वतः शोधाही

विचारल्यावर सगळे सांगतात, 'आम्ही नेहमीसारखंच इम्पोर्ट करतो.' त्यांच्या रिपॉझिटरीत शोध घेतला की वेगळं दिसतं. एक उदाहरण जवळून बघू. डॅशबोर्डच्या टीमला रक्कम लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह दाखवायची आहे: १,२५,००,०००. लायब्ररीच्या टेबलमध्ये हे काम करणारं फंक्शन आधीच आहे, पण ते बाहेर एक्स्पोर्ट केलेलं नाही. मग कुणीतरी थेट 'लिब/युटिल्स/फॉरमॅट-रुपी' असा पाथ लिहून ते आत जाऊन उचलतं. चालतं, पीआर मर्ज होतो, आणि पुढचे सगळे त्याच ओळीची नक्कल करतात. आता ती फाइल तुमच्या पब्लिक एपीआयचा भाग झाली आहे, तुम्हाला ठाऊक नसलं तरी. बिल्ड बदलल्यावर 'लिब'ची रचना बदलली की डॅशबोर्ड पडणार. अशा वेळी टीमवर चिडण्यात अर्थ नाही. गरज खरी होती, तेव्हा ते फंक्शन मुख्य एंट्रीतून रीतसर एक्स्पोर्ट करा आणि जुना पाथही काही काळ जिवंत ठेवा.

शोधताना पॅकेजचं नाव आणि त्यापुढे तिरकी रेघ, एवढंच शोधा. जेएसबरोबर एससीएसएस फाइल्सही बघा, कारण व्हेरिएबल्सची फाइल थेट इम्पोर्ट करणारे हमखास भेटतात. जेस्टचं 'मॉड्यूल नेम मॅपर', वेबपॅकचे एलियास, नेक्स्ट.जेएस या रिॲक्ट फ्रेमवर्कच्या कॉन्फिगमधली ट्रान्सपाइल करायच्या पॅकेजेसची यादी, इथेही तुमच्या पॅकेजचं नाव दडलेलं असतं.

सोबत प्रत्येक टीमचा एक छोटा तक्ता करा: वेबपॅक कितवं, टाइपस्क्रिप्ट कितवं आणि त्यात 'मॉड्यूल रिझोल्यूशन' काय, रिॲक्ट कितवं, जेस्ट कितवं, सर्व्हरवर रेंडर होतं का. पुढचे निम्मे निर्णय या तक्त्यावरून घ्यायचे आहेत. वेबपॅक ४ ला पॅकेज-जेसनमधलं 'एक्स्पोर्ट्स' (पॅकेजमधले कोणते पाथ बाहेरून इम्पोर्ट करता येतात याची यादी) कळतच नाही. ते वेबपॅक ५ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून कळायला लागलं. जेस्टला ते आवृत्ती २८ पासून कळतं. टाइपस्क्रिप्टला ४.७ पासून, तेही 'नोड१६' किंवा 'नोडनेक्स्ट' रिझोल्यूशन ठेवलं तर. 'बंडलर' हा पर्याय मार्च २०२३ मधल्या ५.० मध्ये आला. जुन्या 'नोड' पर्यायावर बसलेल्या टीमला तुमचं एक्स्पोर्ट्स दिसणार नाही, ती 'मेन' आणि 'टाइप्स' हेच वाचणार.

## जुन्या बिल्डवरच करायची साफसफाई

नवं टूल आणण्याआधी काही कामं जुन्या वेबपॅकवरच करून घ्या. प्रत्येक काम वेगळ्या पीआरमध्ये, म्हणजे काही बिघडलं तर कशाने ते लगेच कळेल.

सगळ्यात आधी नोड-सॅस काढून डार्ट सॅस. नोड-सॅसच्या पोटात असलेलं लिबसॅस २०२० मध्येच डेप्रिकेट झालं. डार्ट सॅसमध्ये तिरक्या रेघेने भागाकार करणं डेप्रिकेट आहे, त्याजागी 'मॅथ डॉट डिव्ह' लिहावं लागतं. 'सॅस मायग्रेटर' नावाचं अधिकृत टूल हा बदल स्वतः करून देतं. 'ॲट-इम्पोर्ट'बद्दलही इशारे दिसतील (१.८० पासून), पण ते काम आत्ता घेऊ नका. सीएसएसची तुलना केल्यावर शेकडो ओळी बदललेल्या दिसतील: आधी ३३.३३३३३% होतं, आता ३३.३३३३३३३३३३%. लिबसॅस दशांशानंतर ५ अंक ठेवत असे, डार्ट सॅस १० ठेवतं. हा फरक निरुपद्रवी आहे. तुलना करण्याआधी स्क्रिप्टने सगळे आकडे ४ अंकांवर आणा, म्हणजे या गर्दीत खरा फरक लपणार नाही.

दुसरं, टाइपस्क्रिप्टमध्ये 'आयसोलेटेड मॉड्यूल्स' चालू करा. ईएसबिल्डसारखी वेगवान टूल्स प्रत्येक फाइल एकटी वाचतात. 'बटणप्रॉप्स' हा टाइप आहे की चालता कोड, हे त्यांना दुसऱ्या फाइलमध्ये डोकावून कळत नाही. म्हणून जिथे जिथे टाइप पुढे एक्स्पोर्ट केला आहे तिथे 'एक्स्पोर्ट टाइप' लिहावं लागतं. हा फ्लॅग चालू केला की टाइपस्क्रिप्ट स्वतः अशा सगळ्या जागा दाखवतं.

तिसरं, वेबपॅकचे खास लाड बंद करा. 'रिक्वायर डॉट कॉन्टेक्स्ट'ने आयकॉन गोळा केले असतील तर साधे इम्पोर्ट लिहा. एससीएसएसमधली '~' ने सुरू होणारी नावं काढा. बफर किंवा क्रिप्टो यांसारखी नोडची मॉड्यूल्स कुठे वापरली आहेत का ते बघा. वेबपॅक ४ त्यांचे पॉलिफिल (ब्राउझरसाठीचा पर्यायी कोड) गुपचूप घालत असे, व्हीटसारखी नवी टूल्स घालत नाहीत. आणि चक्राकार इम्पोर्ट 'मॅज' या टूलने शोधून तोडा. जुन्या बंडलमध्ये ते खपून जातात. मॉड्यूल्सचा क्रम बदलला की 'कॅनॉट ॲक्सेस बिफोर इनिशियलायझेशन' या एररने अचानक वर येतात, आणि तेही फक्त एखाद्याच टीमच्या ॲपमध्ये.

टेस्टना मात्र आत्ता हात लावू नका. जेस्टवरून व्हीटेस्ट या नव्या टेस्ट टूलवर जायचा मोह होईल, पण बिल्ड बदलत असताना टेस्ट हाच तुमचा साक्षीदार आहे.

## टूल कोणतं

लायब्ररीत नुसते हुक आणि युटिलिटी फंक्शन्स असतील तर टाइपस्क्रिप्टचा कंपायलर किंवा टीसपसारखं हलकं टूल पुरे. सॅस, सीएसएस मॉड्यूल्स, एसव्हीजी आयकॉन आणि स्टोरीबुक असं सगळं असेल तर मी व्हीट या बिल्ड टूलचा लायब्ररी मोड घेईन. ईव्हान यू यांनी २०२० मध्ये सुरू केलेलं हे टूल आता चांगलं मुरलं आहे, आणि २०२३ मधल्या स्टोरीबुक ७ पासून स्टोरीबुकही त्याच कॉन्फिगवर चालतं, म्हणजे दोन बिल्ड सांभाळाव्या लागत नाहीत. व्हीट ७ ला नोड २०.१९ किंवा २२.१२ च्या पुढचं लागतं. सरळ नोड २२ घ्या आणि सीआयवर तेच पक्कं करा.

वेग हे कारण म्हणून पुढे करू नका. लायब्ररीची बिल्ड दिवसातून काही वेळाच चालते. सपोर्ट संपलेल्या नोडवर अवलंबून राहणं थांबतं आणि नव्या माणसाचं मशीन पहिल्याच दिवशी उभं राहतं, ही खरी कमाई आहे.

## कॉन्फिग: इथेच सगळे खड्डे आहेत

व्हीटचं कॉन्फिग स्वतः पन्नासेक ओळींचंच होतं. पण त्यातल्या प्रत्येक ओळीमागे काहीतरी आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

एक्स्टर्नल. रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉम बंडलबाहेर ठेवायचे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि म्हणून लोक यादीत ही दोन नावं लिहून पुढे जातात. व्हीटच्या आतल्या रोलअप या बंडलरला नाव म्हणून 'रिॲक्ट' दिलं तर ते फक्त तेवढ्याच नावाला लागू होतं. 'रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम' हे त्याच्यासाठी वेगळं मॉड्यूल आहे आणि ते निमूटपणे तुमच्या बंडलमध्ये शिरतं. आज काहीच बिघडत नाही. पुढे एखादी टीम रिॲक्ट १९ वर जाते आणि 'जुन्या रिॲक्टचा एलिमेंट रेंडर होतो आहे' अशा अर्थाची एरर येते, कारण रिॲक्ट १९ ने एलिमेंटवरची आतली खूण बदलली आणि तुमच्या पॅकेजमध्ये जुनी खूण छापून गेलेली असते. तेव्हा नावांऐवजी रेगेक्स (नावांचा नमुना) वापरा: नाव, आणि पुढे तिरकी रेघ असेल तर तिच्यामागचं सगळं. पीअर डिपेंडन्सीज (ज्या वापरणाऱ्या ॲपने स्वतः आणायच्या) आणि साध्या डिपेंडन्सीज, दोन्हींची यादी पॅकेज-जेसनमधून वाचूनच हे रेगेक्स तयार करा, म्हणजे उद्या नवी डिपेंडन्सी आली तरी कुणाला कॉन्फिग आठवावं लागणार नाही.

मॉड्यूल्स वेगळे ठेवा. 'प्रिझर्व्ह मॉड्यूल्स' चालू करा आणि त्याचं मूळ 'एसआरसी' ठेवा. यामुळे आउटपुटमध्ये फाइल्सची रचना सोर्ससारखीच राहते, 'लिब/युटिल्स'सारखे जुने खोल पाथ जिवंत राहतात, आणि वापरणाऱ्याच्या बंडलरला न लागणारे कंपोनंट टाकून देणं सोपं जातं. एक सावधगिरी: फाइलच्या डोक्यावर 'यूज क्लायंट' लिहिलेलं असेल तर रोलअप बंडल करताना ते काढून टाकतं आणि फक्त इशारा देतं. नेक्स्ट वापरणारी टीम असेल तर ही ओळ राखणारा प्लगइन लावा आणि आउटपुट उघडून ती खरोखर आहे ना ते बघा.

टार्गेट. व्हीटचं डिफॉल्ट टार्गेट आवृत्तीगणिक बदलत आलं आहे, म्हणून ते स्वतः लिहा. एकही टीम वेबपॅक ४ वर असेल तर 'ईएस२०१९' लिहा. कारण वेबपॅक ४ चा पार्सर '?.' आणि '??' वाचूच शकत नाही आणि नोड मॉड्यूल्समधला कोड लोक सहसा बेबलमधून काढत नाहीत. त्यांची बिल्ड 'मॉड्यूल पार्स फेल्ड' म्हणून थांबेल. ही दोन्ही चिन्हं ईएस२०२० मधली आहेत, त्यामुळे एक वर्ष मागे गेलं की प्रश्न मिटतो. त्याच कारणाने ईएसएम (इम्पोर्ट-एक्स्पोर्टची आधुनिक मॉड्यूल पद्धत) फाइलचं एक्स्टेन्शन सध्या 'एमजेएस' ठेवू नका, 'जेएस'च ठेवा. वेबपॅक ४ एमजेएसच्या बाबतीत फार कडक वागतं आणि कॉमनजेएस ('रिक्वायर'ची जुनी पद्धत) पॅकेजमधून नावाने केलेले इम्पोर्ट नाकारतं.

सीएसएस. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जुन्या बिल्डमध्ये स्टाइल-लोडर असेल तर जेएस चाललं की सीएसएस आपोआप पानावर येत होतं. कुणालाही ते वेगळं इम्पोर्ट करावं लागत नव्हतं. व्हीट लायब्ररी मोडमध्ये सीएसएसची वेगळी फाइल काढतं. बदल करून सोडलात तर दुसऱ्या दिवशी तिन्ही टीम्सची ॲप्स उघडी पडतील, एकही एरर न येता. पहिल्या रिलीजमध्ये जुनं वागणं राखा: सीएसएस जेएसमधून पानात घालणारा प्लगइन लावा. 'लिब/बटण' अशा खोल पाथने आलेल्या कंपोनंटलाही सीएसएस मिळतं का हे वेगळं तपासा, कारण हे प्लगइन सहसा मुख्य एंट्रीतच सीएसएस घालतात. वेगळ्या फाइलवर जाणं चांगलंच आहे, सर्व्हर रेंडरिंगला तर गरजेचं. पण ते पुढच्या मेजर रिलीजमध्ये (म्हणजे जुनं काही मोडू शकतं अशी सूचना देणाऱ्या आवृत्तीत). जुनी बिल्ड आधीपासूनच वेगळी फाइल देत असेल तर तिचं नाव जपा: व्हीट ५ पर्यंत ती 'स्टाइल डॉट सीएसएस' होती, व्हीट ६ पासून पॅकेजच्या नावाने निघते. 'सीएसएस फाइलनेम' या पर्यायात जुनं नाव लिहून टाका.

सीएसएस मॉड्यूल्सच्या क्लासची नावंही बदलतात. कुणाच्या तरी एससीएसएसमध्ये 'ज्याच्या क्लासमध्ये बटण-रूट आहे' असा सिलेक्टर असतोच. नावाचा साचा 'जनरेट स्कोप्ड नेम'मध्ये लिहून किमान नावाचा सुरुवातीचा भाग तरी पूर्वीसारखा ठेवा.

फॉन्ट. लायब्ररी मोडमध्ये व्हीट फॉन्ट, चित्रं यांसारखे ॲसेट कितीही मोठे असले तरी बेस६४ करून, म्हणजे मजकुरात बदलून, सीएसएसमध्येच भरतं. आकाराची मर्यादा इथे लागू होत नाही. मराठी-हिंदी इंटरफेस असलेल्या लायब्ररीत याचा फटका मोठा बसतो. समजा तुम्ही मुक्त हा फॉन्ट वापरता, जो मुंबईच्याच एक टाइपने केला आहे. देवनागरीत जोडाक्षरांमुळे ग्लिफ (अक्षराकृती) खूप, म्हणून फाइल लॅटिन फॉन्टपेक्षा जड. तिचे तीन-चार वजनाचे प्रकार, त्यावर बेस६४ मुळे एक तृतीयांश वाढ, आणि हे सगळं पान रंगवण्यासाठी ब्राउझर थांबून राहतो त्या सीएसएसमध्ये. शिवाय 'युनिकोड रेंज' लिहून केलेली सोय वाया जाते: पानावर देवनागरी अक्षर असेल तरच फॉन्ट उतरवायचा, हे फाइल वेगळी असेल तेव्हाच शक्य. स्वस्त अँड्रॉइड फोनवर, ठाणे-कळवा पट्ट्यात नेट येत-जात असताना ॲप उघडणाऱ्या माणसाला हा भार सोसावा लागतो. म्हणून 'फॉन्ट-फेस'चे नियम वेगळ्या सीएसएस फाइलमध्ये ठेवा, ती फाइल आणि वॉफ२ फाइल्स व्हीटमधून न काढता स्क्रिप्टने जशाच्या तशा आउटपुटमध्ये कॉपी करा. एससीएसएस व्हेरिएबल्सची फाइलही अशीच कॉपी करावी लागते. व्हीट ती स्वतःहून नेणार नाही.

टाइप्स. व्हीट टाइप्स काढत नाही. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर फक्त डिक्लरेशन (टाइप्सच सांगणाऱ्या फाइल्स) काढण्यासाठी वेगळा चालवा. सोर्समध्ये '@/' सारखे एलियास असतील तर कंपायलर ते डिक्लरेशन फाइल्समध्ये तसेच सोडतो. वापरणाऱ्याकडे तो पाथ सापडत नाही, पण 'स्किप लिब चेक' चालू असल्यामुळे एररही दिसत नाही. प्रॉप्सचा टाइप गुपचूप 'एनी' होऊन बसतो. डिक्लरेशन फाइल्समध्ये '@/' शोधा. एकही उरता कामा नये.

'प्रोसेस डॉट ईएनव्ही डॉट नोड-ईएनव्ही' व्हीट लायब्ररी मोडमध्ये बदलत नाही. तसंच राहू द्या, वापरणाऱ्याचा बंडलर ते भरतो.

## पॅकेज-जेसन

पहिल्या रिलीजमध्ये 'मेन', 'मॉड्यूल', 'टाइप्स' जुन्याच पाथवर ठेवा आणि 'एक्स्पोर्ट्स' घालू नका. एक्स्पोर्ट्स आलं की यादीत नसलेला प्रत्येक खोल पाथ त्याच क्षणी बंद होतो, म्हणून तो मेजर रिलीजचाच बदल. 'साइड इफेक्ट्स' (बंडलरने कोणत्या फाइल्स टाकून द्यायच्या नाहीत ते सांगणारी नोंद) मात्र तपासा. तिथे नुसतं 'फॉल्स' लिहिलेलं असेल तर वेबपॅक सीएसएसचे इम्पोर्टही निरुपयोगी समजून काढून टाकू शकतं; सीएसएस आणि एससीएसएसच्या पाथची यादी द्या. 'जेएसमधून सीएसएस' प्लगइन लावला असेल तर ज्या जेएस फाइलमध्ये सीएसएस घातलं जातं तीही या यादीत हवी.

मेजर रिलीजमध्ये एक्स्पोर्ट्स लिहाल तेव्हा प्रत्येक कंडिशनमध्ये 'टाइप्स' सर्वांत आधी आणि 'डिफॉल्ट' सर्वांत शेवटी, कारण क्रमाने पहिलं जुळणारं घेतलं जातं. सीएसएस फाइलला स्वतंत्र नोंद द्या. 'पब्लिंट' आणि 'आर द टाइप्स राँग' ही दोन टूल्स सीआयमध्ये टारबॉलवर चालवा. ईएसएम आणि कॉमनजेएसच्या टाइप्समधली गफलत डोळ्यांनी सापडत नाही, या टूल्सना सापडते.

## टारबॉल लावून बघा

'एनपीएम लिंक' वापरू नका. सिमलिंकमुळे लायब्ररी स्वतःच्या नोड मॉड्यूल्समधलं रिॲक्ट उचलते, ॲपमध्ये दोन रिॲक्ट होतात आणि 'इनव्हॅलिड हुक कॉल' येतो. तो दोष बिल्डचा नसतो, आणि त्यामागे वेळ जातो. नव्या बिल्डचा टारबॉल करा आणि त्या फाइलचाच पाथ देऊन ॲपमध्ये इन्स्टॉल करा. निदान तीन ठिकाणी: सगळ्यात जुन्या वेबपॅकची टीम, सर्व्हर रेंडरिंगवाली टीम, आणि सगळ्यात नवी.

मग डोळ्यांनी बघायचं काम. सीएसएसमधले नियम तेच असले तरी त्यांचा क्रम बदललेला असू शकतो, आणि सारख्या वजनाच्या दोन नियमांत नंतरचा जिंकतो. स्टोरीबुकच्या स्क्रीनशॉटची आधी-नंतर तुलना करा, आणि त्यात देवनागरी मजकुराच्या स्टोरी नक्की असू द्या. 'सबमिट' लिहिलेलं बटण नीट दिसतं म्हणून थांबू नका. 'अर्ज पूर्ण करा' लिहून बघा. 'पूर्ण'मध्ये वर रफार आहे आणि खाली दीर्घ ऊकार. रीसेटचा 'लाइन-हाइट' बटणाच्या नियमानंतर आला आणि सोबत 'ओव्हरफ्लो हिडन' असलं, की रफाराचं टोक किंवा ऊकाराची शेपटी कापली जाते. लॅटिन मजकुरात हे कधीच पकडलं जात नाही.

## रिलीज

आधी एनपीएमच्या 'नेक्स्ट' या चाचणीच्या टॅगवर प्रसिद्ध करा, म्हणजे नेहमीचं इन्स्टॉल करणाऱ्यांना काही कळणारही नाही. एका टीमला ते प्रॉडक्शनमध्ये नेऊ द्या, मग दुसरी. पहिलं रिलीज मायनर (जुनं काही न मोडणारं) म्हणूनच जायला हवं. ते मायनर म्हणून जाऊ शकत नसेल, तर आउटपुट कुठेतरी बदललं आहे. परत तुलनेकडे जा.

वेळ निवडताना कॅलेंडर बघा. कर्ज-विमा-बँकिंगची कामं करणाऱ्या टीम्स मार्चअखेर काही नवीन घेत नाहीत आणि घेऊही नये. गणपतीच्या आधीचा आठवडाही टाळा: निम्मी माणसं कोकणात गेलेली असतात, आणि ज्याला तो जुना डेट पिकर ठाऊक आहे तो नेमका रेंज नसलेल्या गावात असतो. सोमवारी किंवा मंगळवारी सोडा, आणि त्या आठवड्यात तिन्ही टीम्सच्या चॅनलवर स्वतः हजर राहा.

मायनर स्थिरावलं की मेजरची तयारी: एक्स्पोर्ट्स, वेगळं सीएसएस, टार्गेट पुढे नेणं, यूएमडी (स्क्रिप्ट टॅगने थेट लावता येणारं जुनं बंडल) कुणी वापरत नसेल तर ते बंद करणं. खोल पाथ किती उरले आहेत याचा शोध पुन्हा घ्या आणि प्रत्येक पाथला नवं नाव काय, याचा तक्ता रिलीज नोट्समध्ये द्या. जमलं तर हे बदल आपोआप करणारी स्क्रिप्ट (कोडमॉड) लिहून टीम्सना पीआरच पाठवा. 'तुम्ही बदला' असं सांगितलेलं काम पुढच्या तिमाहीत जातं. तयार पीआर दोन दिवसांत मर्ज होतो. व्हीटेस्टकडे जाण्याचं कामही आता घेता येईल.

शेवटी जुनं खरंच काढून टाका. वेबपॅकचं कॉन्फिग, त्याचे लोडर, बेबलचे न लागणारे प्लगइन. 'लेगसी प्रोव्हायडर' हा शब्द सीआयच्या फाइल्समध्ये, डॉकरफाइलमध्ये, विकीवरच्या 'नवीन मशीन कसं लावावं' पानावर, सगळीकडे शोधा. तो सापडणं बंद झालं की पॅकेज-जेसनच्या 'इंजिन्स'मध्ये नोडची आवृत्ती लिहा, आणि जुन्या मेजर आवृत्तीला सुरक्षेचे फिक्स कुठल्या तारखेपर्यंत देणार ते रीडमीच्या पहिल्या पानावर टाका.